माती नाही, मग झाड जेवतं काय?

परसातली शाळा

दोस्तांनो,

या वेळी एका पत्रापासून सुरुवात करते. कुडाळहून आठवीतल्या एका मुलानं पाठवलंय. ‘नाव छापू नका’ असं त्यानं बजावलंय, म्हणून छापत नाही. तो लिहितो, ‘‘बाई, आम्ही गावचं घर बंद करून कुडाळात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सोबत आजी आहे. गावी तिचं मोठं परसू होतं. आता ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि ‘हातांका काम नाय’ म्हणते. मी मोबाइलवर एक जाहिरात बघितली. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी होते म्हणे. पण त्या यंत्राची किंमत खूप आहे. बाबा म्हणतात, फसवणूक असणार. खरंच मातीशिवाय भाजी येते का?’’

येते बरं का! आणि ते महागडं यंत्र नसलं तरी येते. एक झाकणाची बादली पुरते. पण बादलीकडे वळण्याआधी थोडं समजून घेऊ. कारण मातीशिवाय भाजी लावणं म्हणजे मातीचं काम आपल्या अंगावर घेणं. काम कोणतं ते ठाऊक नसेल तर रोप चौथ्या आठवड्यात पिवळं पडेल, आणि आपण बसू डोकं खाजवत!

झाड माती खातं का?

हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा निम्म्या मुलांनी ‘हो’ म्हणून हात वर केले. मागच्या बाकावरून तर उलट प्रश्नच आला, ‘‘बाई, माती नाय तर झाड खातला काय?’’

साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी बेल्जियममधल्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट नावाच्या गृहस्थाला हाच प्रश्न पडला होता. त्यानं काय केलं? एका कुंडीत सुमारे ९० किलो वाळवलेली माती मोजून भरली. त्यात विलोचं साधारण सव्वादोन किलोचं रोप लावलं. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातीचं झाड. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं, तर ते भरलं सुमारे ७७ किलो! आणि माती? ती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम ५७ ग्रॅम कमी झाली होती. त्याचा हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला.

म्हणजे झाडानं माती खाल्लीच नव्हती! व्हान हेल्माँटनं निष्कर्ष काढला, ‘झाड पाण्याचंच बनतं.’ तो अर्धाच बरोबर होता. झाडाच्या अंगात पाणी भरपूर असतं हे खरं. पण त्याचं सुकं वजन मुख्यतः हवेतून येतं. पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर बनवतात. हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलंच आहे.

मग ते ५७ ग्रॅम कसले? खरी गंमत तिथेच आहे. १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यानं पुदिना निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. पावसाच्या पाण्यात तो कसाबसा वाढला, नदीच्या पाण्यात बरा वाढला आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात सगळ्यांत चांगला! म्हणजे मातीतून पाण्यात काहीतरी उतरत होतं आणि झाडाला ते हवं होतं. पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीत युलिउस साक्स आणि विल्हेल्म क्नोप या शास्त्रज्ञांनी ते ‘काहीतरी’ शोधून काढलं. ते होते क्षार. त्यांनी मोजून क्षार विरघळवले आणि मातीच्या कणाशिवाय रोपं वाढवून दाखवली.

आज आपल्याला माहीत आहे की हवा आणि पाण्यातून मिळणारे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन सोडले तर झाडाला आणखी १४ मूलद्रव्यं लागतात. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक ही जरा जास्त. लोह, मँगेनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल ही अगदी चिमूटभर. पण चिमूटभर म्हणून चालवून घेता येत नाही हं! आमटीत मीठ चिमूटभरच लागतं, पण नसलं तर आमटी खाऊन बघा.

नाव आलं कुठून?

मातीविना शेतीला ‘हायड्रोपोनिक्स’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘पोनोस’ म्हणजे कष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी १९३७ साली हे नाव रूढ केलं. त्यांनी टाक्यांतल्या पाण्यावर टोमॅटोची उंचच्या उंच झाडं वाढवली होती. वर्तमानपत्रांतून एकच गाजावाजा झाला. आता शेतजमीन नकोच, असं लोक बोलू लागले.

मग त्याच विद्यापीठातल्या होगलँड आणि आर्नन या दोघांनी हा दावा शांतपणे तपासला. त्यांनी १९३८ साली लिहून ठेवलं की चांगली माती आणि चांगलं पाणी-द्रावण, दोन्हीकडे ऊन, हवा, देखभाल सारखी असेल तर पीकही साधारण सारखंच येतं. पाण्यात जादू नाही. पण जिथे मातीच नाही, तिथे ही पद्धत फार उपयोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरातल्या असेन्शन या खडकाळ बेटावर अमेरिकी सैनिकांसाठी अशीच भाजी पिकवली गेली. आपल्या देशात दार्जिलिंगजवळच्या कालिंपाँगला जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७ मध्ये प्रयोग केले. त्यांचं म्हणणं असं, की गोरगरिबांना परवडेल अशी साधी रीत हवी, पंप नकोत, यंत्रं नकोत. खडी-वाळूचे वाफे, वरून मोजून क्षार आणि हातानं पाणी. या रीतीला ‘बंगाल पद्धत’ असं नाव पडलं आणि १९५१ साली त्यावर त्यांचं पुस्तकही निघालं. बघा, ‘यंत्र घ्या, तरच भाजी येईल’ असं सांगणाऱ्यांना आपल्याच देशातून किती आधी उत्तर मिळालं होतं!

शेजारच्या गोव्यातला मका

आता जरा घराजवळ येऊ. आम्हां सावंतवाडीकरांना गोवा म्हणजे शेजारचं आंगण. तिथे गोवा डेअरीला राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून पाण्यावर हिरवा चारा वाढवणारी ११ संयंत्रं मंजूर झाली होती. जुनं गोवं इथल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रात शास्त्रज्ञांनी या चाऱ्याचा अभ्यास केला. मका भिजवायचा, मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचा आणि दिवसातून अनेकदा पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांत वीतभर उंच हिरवंगार गवत तयार! एक किलो मक्यापासून सुमारे साडेपाच किलो चारा. सातारा भागातल्या शेतकऱ्यांनी तर बांबू आणि शेडनेटच्या साध्या मांडवात हेच करून दाखवलं.

एकाचे साडेपाच! काय म्हणता, जादू? चला, गणित करू.

एक किलो कोरड्या मक्यात पाणी जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. उरलेलं पावणेनऊशे ग्रॅम सुकं अन्न. साडेपाच किलो चाऱ्यात मात्र दर शंभर ग्रॅममागे सुकं अन्न असतं साधारण तेराच ग्रॅम. म्हणजे एकूण किती? सुमारे सातशे ग्रॅम! सुकं अन्न वाढलं नाही, उलट कमी झालं. वाढलं ते पाणी. मग मधले दीडशेहून जास्त ग्रॅम गेले कुठे? कोंब फुटताना बी श्वास घेतं आणि त्यात स्वतःची शिदोरी खर्च करतं.

तरीही गोठ्यात त्या चाऱ्याला किंमत आहे. तो हिरवा, लुसलुशीत असतो, गुरांना आवडतो आणि जमीन कमी असलेल्यांना उपयोगी पडतो. पण ‘एकाचे साडेपाच’ ऐकलं की लगेच विचारायचं, ‘‘त्यात पाणी किती?’’ हा प्रश्न खिशात ठेवा. पुष्कळ जाहिरातींना लागू पडतो.

दुसरं म्हणजे, या मक्याला क्षार का लागले नाहीत? कारण सात दिवस पुरेल एवढा डबा बी घरूनच घेऊन आलं होतं. आपण घरात मूग, मटकी भिजवून मोड आणतो तेही तसंच. पण शिदोरी संपली की रोप हात पसरतं. तिथून पुढे माती नसेल तर देणारे तुम्ही!

चला, बादली आणा

आता करून पाहू. हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की यांनी एक फार सोपी रीत मांडली. तिच्यात पंप नाही, वीज नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की दिवे जातात, तेव्हा आपल्याला हीच बरी.

साहित्य: घट्ट झाकणाची पाच लिटरची बादली (कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा अजिबात नको), प्लॅस्टिकचे दोन पेले, नारळाचं एक सोडण, पुदिन्याची जुडी, मायाळूचे दोन कांडे, बादलीला गुंडाळायला जुनं काळं कापड आणि ‘हायड्रोपोनिक्ससाठी’ असं लिहिलेलं दोन बाटल्यांचं द्रवखत. शिवाय एक वही. वही विसरायची नाही!

१. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या जाडसर चार-पाच काड्या निवडा. खालची पानं काढा. जिथून पानं काढली ते सांधे बुडतील अशा बेतानं काड्या साध्या पाण्याच्या पेल्यात ठेवा. मायाळूच्या कांड्यांचंही तसंच करा. पाणी दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतील. मुळं फुटताना बघायला मिळणं ही माती नसल्याची सगळ्यांत मोठी मौज!

२. तोवर सोडण सोलून त्याचा काथ्या मोकळा करा आणि भिजत घाला. पाणी तांबूस होईल. ते ओतून पुन्हा पाणी घाला. पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत हे करा. सोडणात क्षार असतात, ते धुऊन जायला हवेत.

३. पेल्यांना तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडायची आहेत आणि झाकणाला पेला अडकेल एवढी दोन गोल छिद्रं. हे काम घरातल्या मोठ्या माणसाकडून करून घ्या.

४. बादलीत पाणी भरा. विहिरीचं चालेल. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याकडे उन्हाळ्यात काही विहिरींचं पाणी मचूळ होतं, ते मात्र नको. नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून मग वापरा.

५. आता खत. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं घ्या; आठवड्यानं पूर्ण प्रमाण. आधी ‘अ’ बाटलीतलं पाण्यात ओतून ढवळा, मगच ‘ब’. दोन्ही खतं थेट एकमेकांत कधी मिसळायची नाहीत. का बरं? एका बाटलीत कॅल्शियम असतं, दुसरीत गंधक आणि स्फुरदाचे क्षार. दाट असताना ती भेटली की चुन्यासारखा पांढरा साका तळाशी बसतो. तळाशी बसलेलं झाडाला पिता येत नाही. म्हणून तर बाटल्या दोन! हे काम मोठ्यांसमोर करा, नंतर हात धुवा आणि बाटल्या लहान भावंडांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

६. मुळं फुटलेल्या काड्या काथ्यात अलगद बसवून पेले झाकणात अडकवा. पेल्याचा तळ बोटाच्या एका पेराएवढा पाण्यात बुडला पाहिजे. बादलीला काळं कापड गुंडाळा. आत उजेड गेला की शेवाळ धरतं आणि ते रोपाचा घास पळवतं.

७. बादली पागोळ्या पडणार नाहीत, पण दिवसातले चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी ठेवा. आत पावसाचं पाणी गेलं तर खत पातळ होतं. भर पावसाळ्यात आपल्याकडे ऊनच दिसत नाही. तेव्हा सुरुवात दसऱ्यानंतर केलेली उत्तम.

पाणी कमी झालं तर?

इथे बरेच जण घाबरून बादली काठोकाठ भरतात. तसं करू नका! पाणी खाली उतरतं तसा झाकण आणि पाण्यामध्ये हवेचा पट्टा तयार होतो. तिथली मुळं हवेतला प्राणवायू घेतात आणि खालची मुळं पाणी पितात. मुळांनाही श्वास लागतो, दोस्तांनो. भुसभुशीत मातीत हवा खेळती असते, म्हणून तर आपले आजोबा जमीन नांगरतात. बादलीतली हवेची जागा तुम्ही भरून टाकली तर हवेला सरावलेली मुळं गुदमरतात. पाणी पाव बादलीवर आलं की अर्ध्या बादलीपर्यंतच खताचं पाणी घाला. तेवढं पुरे.

आणखी एक गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. साठलेलं पाणी म्हणजे डासांचं पाळणाघर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा झाकण घट्ट हवं, फटींवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा हवा आणि दर रविवारी झाकण उचलून वळवळणाऱ्या अळ्या आहेत का ते बघायला हवं. अळ्या दिसल्या तर पाणी ओतून पुन्हा भरा. घराला भाजी देताना डेंग्यू द्यायचा नाही!

ते जुनं पाणी विहिरीत, ओढ्यात, तलावात ओतू नका. माडाच्या मुळाशी घाला, माड आनंदानं पिईल.

पान बोलतं, ऐकायला शिका

रोज दोन मिनिटं पानांकडे बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडू लागली तर बहुधा नत्र कमी पडतंय. नत्र झाडाच्या अंगात फिरू शकतं. टंचाई आली की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं. अगदी आपल्या घरातल्या आजीसारखं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर संशय लोहावर. लोहाला तसं फिरता येत नाही. कोवळ्या पानांच्या कडा करपून वळल्या तर कॅल्शियमकडे बघा. आहे की नाही गुप्तहेराचं काम?

काही जण विचारतील, ‘‘आमच्या घरी शेतीचं १९:१९:१९ खत आहे, तेच घातलं तर?’’ चांगला प्रश्न. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आहे, पण कॅल्शियम नाही. शिवाय त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. शेतात युरिया टाकला की मातीतले सूक्ष्मजीव तो फोडून झाडाला सोपा घास करून देतात. बादलीत ते जीव फारसे नसतात. म्हणजे बघा, स्वयंपाकी घरी ठेवला आणि नुसते तांदूळ घेऊन आलो, असं झालं!

हा स्वयंपाकी मातीत राहतो. चिमूटभर मातीत असे असंख्य जीव असतात. कुजकं पान, शेण, मेलेला किडा, जे पडेल त्याचं ते रोज थोडं थोडं अन्न करतात. ना बाटली, ना लेबल, ना पगार.

आणि मासे?

‘खाली मासे, वर भाजी’ अशीही एक रीत आहे. तिला ‘ॲक्वापोनिक्स’ म्हणतात. मासे विष्ठा टाकतात, कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. अमोनिया माशांना विषारी. पण एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट म्हणजे झाडाची मेजवानी! झाड ते पितं आणि पाणी स्वच्छ होऊन माशांकडे परत जातं.

कल्पना नवी नाही. पहिला पाऊस पडला की आपल्याकडे चढणीचे मासे ओढ्यातून शेतात शिरतात, हे तुम्ही पाहिलं असेल. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यातले आपातानी शेतकरी तर भाताच्या खाचरातच मासे पाळतात. एकाच पाण्यात भात आणि मासा.

पण घरच्या टबात ते जिवाणू आपोआप हजर नसतात. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले तर अमोनिया साठतो आणि मासे मरतात. पंप लावला आणि रात्री वीज गेली तर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. रोप सुकलं तर दुसरं लावता येतं, मासा हा जीव आहे. म्हणून माझं सांगणं असं की पहिलं वर्ष बादलीचं. तिची वही नीट भरली, तर पुढच्या वर्षी पसरट टबात चार-पाच गप्पी मासे. त्याआधी नाही.

आणि मासे ओढ्यातून धरून आणायचे नाहीत. आपल्या आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडात एक इवलासा मासा सापडला. तो जगाला नवीन होता. २०२० साली त्याचं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं बारसं झालं आणि २०२१ मध्ये शासनानं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आपल्या डोंगरातल्या कोणत्या ओढ्यात काय दुर्मीळ आहे, ते आपल्याला काय ठाऊक? तसंच विकत आणलेले मासे कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडायचेही नाहीत. परके पाहुणे तिथल्या घरच्यांना उपाशी ठेवतात.

मग चांगलं काय, माती की पाणी?

जाहिरातीत सांगतात, पाणी वाचतं. ते खोटं नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या काही संशोधकांनी २०१५ साली लेट्यूस या पालेभाजीचा हिशेब मांडला. एक किलो भाजीला शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागतं आणि बंदिस्त घरातल्या पाण्यावरच्या शेतीत सुमारे २० लिटर. केवढा फरक! पण त्याच हिशेबात पुढची ओळ अशी की ऊर्जा मात्र सुमारे ८२ पट जास्त लागते. थंड-गरम करायला, दिवे लावायला, पंप चालवायला. जाहिरातवाले पहिली ओळ मोठ्यानं वाचतात आणि दुसरीला त्यांना खोकला येतो.

अंतराळात २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी तिथेच वाढवलेली लाल लेट्यूसची पानं खाल्ली. तिथे शेत कुठून आणणार? तिसऱ्या मजल्यावर, फरसबंद आंगणात, दवाखान्याच्या गच्चीवरही माती नसते. तिथे बादली शहाणी. पण ज्यांच्या घरामागे परसू आहे आणि त्यात आज नुसतं गवत माजलंय, त्यांनी बादलीवर पैसे घालण्याआधी कुदळ शोधावी. आपल्या बाजारात बेळगावची भाजी आंबोलीचा घाट उतरून येते आणि आपली परसवं मात्र रिकामी! लाल माठ, वाल, दोडकी, पडवळ या भाज्यांना आपली तांबडी माती परकी नाही. थोडं शेणखत, थोडा पालापाचोळा आणि ऊन एवढंच त्या मागतात.

कुडाळच्या दोस्ता, तुझ्यासाठी एक सूचना. बादलीतल्या पुदिन्याची देखभाल एकट्यानं करू नकोस. कांड्याचा कुठला सांधा बुडवायचा, पान कधी खुडायचं, मायाळूचा वेल कशावर चढवायचा हे तुझ्या आजीला बाटलीवरच्या लेबलापेक्षा जास्त कळतं. मोजमाप तुझं, हात तिचे.

या वेळचा अभ्यास

एकाच जुडीतल्या सारख्या जाडीच्या सहा काड्या घ्या. तीन बादलीत, तीन शेणखत घातलेल्या मातीच्या कुंडीत. दोन्ही शेजारी शेजारी, सारख्या उन्हात. दर रविवारी वहीत चार गोष्टी लिहा: उंची किती, पानं किती, पाणी किती घातलं आणि त्या आठवड्यात तुम्ही किती वेळा काळजी घेतली. सहा आठवड्यांनी दोन्हींची पानं खुडून तराजूत तोला. मग ती उन्हात कडकडीत वाळवा आणि पुन्हा तोला. गोव्यातल्या मक्याचं गणित आठवतंय ना?

शेवटी दोन्हींची चटणी वाटा आणि घरच्यांना डोळे मिटून चाखायला द्या. कुठली कशातली, हे ओळखता आलं का? तोललेले आकडे आणि चटणीचा निकाल पोस्टकार्डावर लिहून कळवा. आकडे खरे हवेत. बादली हरली तरी चालेल, कुंडी हरली तरी चालेल.

तुमची,
बाई